बँकॉकला एकटे जाताय? डॉक्टरांपासून लपवू नका



"बँकॉकला चाललोय" असे एखाद्या पुरुषाने सांगितले आणि पुढे "एकटाच" म्हटले, की समोरचा माणूस डोळा मिचकावून हसतो. ऑफिसात, सोसायटीच्या कट्ट्यावर, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर, सगळीकडे हेच. ही थट्टा वरवर निरुपद्रवी वाटते. पण इतकी वर्षे प्रॅक्टिस केल्यावर माझे स्पष्ट मत झाले आहे, की या थट्टेमुळे माणसे आजारी पडतात आणि त्यांच्या घरचेही आजारी पडतात. कारण थट्टा नको म्हणून माणूस प्रवासच लपवतो. घरी "सिंगापूरला कॉन्फरन्स आहे" असे सांगतो आणि दवाखान्यात "कुठेच गेलो नव्हतो" म्हणतो. मग त्याला तपासणारा डॉक्टर अंधारात चाचपडत राहतो.

बँकॉकला एकटे जाणारे पुरुष अनेक कारणांनी जातात. कोणी कापडाच्या किंवा रत्नांच्या धंद्यासाठी, कोणी दातांच्या उपचारांसाठी. कोणाला वाट फो आणि वाट अरुण ही देवळे पाहायची असतात. (वाट अरुण हे नाव आपल्याच अरुणावरून आलेले आहे.) काही जण शरीरसुखासाठी जातात, हेही खरे. डॉक्टर म्हणून त्यांच्या नीतीचा निवाडा करणे माझे काम नाही. पण कोण कशासाठी गेला होता हे कळल्याशिवाय मी कोणालाच नीट मदत करू शकत नाही.

लपवल्याने नेमके काय बिघडते?

तीन उदाहरणे देतो. ही कोणा एका रुग्णाची नाहीत, असे नेहमी घडते.

पहिले: परत आल्यावर चार-पाच दिवसांत लघवीला जळजळ होते. माणूस म्हणतो, "उन्हाळी लागली असेल," आणि मेडिकलमधून दोन-तीन अँटिबायोटिकच्या गोळ्या आणून घेतो. हा परमा म्हणजे गोनोरिया असू शकतो. आग्नेय आशियात अनेक औषधांना दाद न देणारा परमा आढळतो. अर्धवट औषधाने जळजळ कमी होते, पण जंतू आत राहतात आणि पत्नीपर्यंत पोहोचतात.

दुसरे: प्रवासानंतर दोन ते चार आठवड्यांनी ताप, घसादुखी, अंगावर पुरळ, मानेत गाठी. सगळे म्हणतात, व्हायरल आहे. बहुतेक वेळा तसेच असते. पण एचआयव्हीची लागण झाल्यावर सुरुवातीला अगदी असाच ताप येऊ शकतो आणि तो आपोआप उतरतो. या काळात रक्तात विषाणूचे प्रमाण खूप असते, म्हणून दुसऱ्याला लागण होण्याचा धोकाही सर्वांत जास्त असतो. इतिहास माहीत नसेल, तर त्या तापात एचआयव्हीची तपासणी करण्याचे कोणाच्या मनातही येत नाही.

तिसरे: गल्लीतले कुत्रे चावले, छोटासा ओरखडा होता, म्हणून कोणाला सांगितले नाही. रेबीजची लक्षणे बहुधा एक ते तीन महिन्यांनी दिसतात. ती एकदा सुरू झाली, की रुग्ण वाचणे जवळजवळ अशक्य असते. वेळेवर लस घेतली असती, तर तो वाचला असता.

जाण्याआधी

निघण्यापूर्वी महिना-दीड महिना आधी आपल्या फॅमिली डॉक्टरांना भेटा. "थायलंडला एकटा जातोय" एवढे सांगा. या भेटीत चार गोष्टी व्हायला हव्यात.

१. लसी. हिपॅटायटिस बी, म्हणजे 'कावीळ बी', शरीरसंबंधातून आणि रक्तातून पसरते. आज तिशी-चाळिशीत असलेल्या अनेक पुरुषांना तिची लस लहानपणी मिळालेली नाही. तिचे तीन डोस ०, १ आणि ६ महिने असे असतात. वेळ कमी असेल तर लवकरचे वेळापत्रकही आहे. टायफॉइड, हिपॅटायटिस ए आणि धनुर्वाताच्या लसींचेही विचारा. बँकॉक शहरात मलेरियाचा धोका जवळजवळ नाही, त्यामुळे शहरापुरत्या प्रवासासाठी मलेरियाच्या गोळ्या लागत नाहीत. डेंग्यू मात्र आहे, विशेषतः मे ते ऑक्टोबर या पावसाळ्यात.

२. नेहमीची औषधे. बीपी, मधुमेह, हृदय यांची औषधे मूळ पाकिटात ठेवा आणि चिठ्ठीसह हँडबॅगेत न्या. झोपेच्या, चिंतेच्या आणि तीव्र वेदनेच्या काही गोळ्यांवर (अल्प्राझोलाम, ट्रॅमाडॉल) थायलंडमध्ये कडक नियम आहेत. त्या घेत असाल तर आधी चौकशी करा.

३. प्रवास विमा. तिथली खासगी रुग्णालये उत्तम आहेत, पण महाग आहेत. विम्याचा नंबर फोनमध्ये आणि कागदावरही लिहून ठेवा.

४. 'ताकदीच्या' गोळ्या. बँकॉकच्या फुटपाथवर सिल्डेनाफिलच्या गोळ्या उघड्यावर विकायला असतात. त्यातल्या किती खऱ्या आणि किती नकली, हे पाहून कळत नाही. ज्यांना छातीत दुखण्यासाठी सॉर्बिट्रेट किंवा दुसरी नायट्रेटची गोळी चालू आहे, त्यांनी ही गोळी घेतली तर रक्तदाब एकदम खाली जाऊन मृत्यू येऊ शकतो. आणि अशी गोळी घेतल्यावर छातीत दुखू लागले, तर तपासणाऱ्या डॉक्टरांना ती घेतल्याचे आधी सांगा, कारण तेही नायट्रेट देण्याची शक्यता असते. इथे लाज जिवावर बेतते.

एकटेपणाचा खरा धोका

एकट्या प्रवाशाचा सर्वांत मोठा धोका म्हणजे त्याच्याकडे लक्ष ठेवायला कोणी नसते. घरी ताप आला, तर पत्नी किंवा आई हात लावून पाहते. हॉटेलच्या खोलीत तुम्ही दिवसभर तापाने पडून राहिलात, तरी कोणाला कळत नाही. म्हणून एका विश्वासू माणसाला हॉटेलचा पत्ता द्या आणि रोज एक मेसेज करा.

ताप आला तर फक्त पॅरासिटामॉल घ्या. डेंग्यू असेल तर ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेनने रक्तस्राव वाढू शकतो. पोटात खूप दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, गळून जाणे यांपैकी काही झाले, तर त्याच दिवशी रुग्णालयात जा. तातडीच्या वैद्यकीय मदतीसाठी थायलंडमध्ये १६६९ आणि टुरिस्ट पोलिसांसाठी ११५५ हे क्रमांक आहेत.

रस्ताही जपून. रस्ते अपघातांतल्या मृत्यूंच्या प्रमाणात थायलंड आशियात फार वरच्या क्रमांकावर आहे आणि मरणाऱ्यांत बहुसंख्य दुचाकीवरचे असतात. नारिंगी जाकीट घातलेल्या मोटरसायकल-टॅक्सीवाल्याकडे हेल्मेट मागून घ्या. दारू प्यायलात तर दुचाकी नकोच. खाओसान रोडवर बादलीतून मिळणाऱ्या दारूत बऱ्याचदा एनर्जी ड्रिंक मिसळलेले असते. त्यामुळे आपल्याला किती चढली आहे हे कळत नाही. आपला ग्लास सोडून उठू नका आणि अनोळखी माणसाने दिलेले पेय घेऊ नका.

कुत्रे किंवा माकड चावले, ओरखडले, तर जखम साबणाच्या वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी लस सुरू करा. या बाबतीत बँकॉक चांगले ठिकाण आहे. राम चौथा रस्त्यावरची थाई रेड क्रॉसची 'क्वीन साओवाभा' संस्था रेबीजवरच्या कामासाठी जगभर ओळखली जाते. आपल्या सरकारी रुग्णालयांत रेबीजची लस कातडीत थोडी थोडी देतात, ती पद्धत 'थाई रेड क्रॉस' याच नावाने ओळखली जाते. लसीचे डोस तिथे सुरू झाले आणि तुम्ही परत आलात, तर उरलेले इथे पूर्ण करा.

आता शरीरसंबंधांविषयी स्पष्ट

या विषयात आपण थायलंडकडून शिकावे असे मला वाटते. १९८०च्या दशकाच्या अखेरीस तिथे एचआयव्ही झपाट्याने पसरू लागला. तो देश विषय झाकून बसला नाही. १९८९ मध्ये रात्चबुरी प्रांतात वेश्यावस्तीत कंडोम सक्तीचा करण्याचा प्रयोग झाला आणि १९९१ मध्ये तो देशभर नेला गेला. मेचाई वीरवैद्य यांनी कंडोमचा प्रचार इतक्या मोकळेपणाने केला, की लोक कंडोमलाच 'मेचाई' म्हणू लागले. नव्या लागणींचे प्रमाण खूप खाली आले. तरीही आजार संपलेला नाही.

संबंध येण्याची शक्यता असेल, तर कंडोम इथूनच घेऊन जा आणि दर वेळी वापरा. कंडोमने एचआयव्ही आणि परम्यापासून चांगले संरक्षण मिळते. नागीण आणि गरमी (सिफिलिस) यांपासून ते पूर्ण मिळत नाही. एचआयव्ही टाळण्यासाठी आधीपासून घ्यायच्या गोळ्याही (प्रेप) आहेत, त्या डॉक्टरांच्या सल्ल्याने सुरू करता येतात.

कंडोम फाटला किंवा वापरलाच नाही, तर हा आकडा लक्षात ठेवा: ७२ तास. एवढ्या वेळात, आणि जितक्या लवकर तितके चांगले, एचआयव्ही-प्रतिबंधक गोळ्या (पेप) सुरू केल्या आणि २८ दिवस घेतल्या, तर लागण टळण्याची शक्यता खूप मोठी असते. त्यासाठी सुट्टी संपायची वाट पाहू नका. बँकॉकमध्ये थाई रेड क्रॉसचे 'अनॉनिमस क्लिनिक' १९९१ पासून नाव न विचारता तपासणी करत आले आहे. मुंबईला परत यायला विमानाने साडेचार-पाच तास लागतात. वेळ जातो तो बहुधा "सांगू की नको" या विचारात.

आणखी एक. समोरची व्यक्ती सज्ञान आणि राजी नसेल, तर तो आरोग्याचा नव्हे, गुन्ह्याचा विषय आहे. भारतीय नागरिकाने परदेशात केलेल्या गुन्ह्याचा खटला भारतातही चालू शकतो.

परत आल्यावर

धोका झाला असेल, तर परत आल्यावर, सहा आठवड्यांनी आणि तीन महिन्यांनी एचआयव्हीची तपासणी करा. सोबत सिफिलिस, हिपॅटायटिस बी आणि सी यांचीही. सिफिलिसची पहिली जखम दुखत नाही आणि औषधाशिवाय भरून येते. म्हणून "बरे झाले" असे वाटते, पण आजार आतच असतो. पत्नी गरोदर असेल, तर बाळ पोटातच दगावू शकते. सरकारी आयसीटीसी केंद्रांत एचआयव्हीची तपासणी मोफत आणि गुप्त असते. १०९७ या मोफत क्रमांकावर माहिती मिळते.

"बायकोला सांगू का?" हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. माझे उत्तर असे: सगळ्या तपासण्या पूर्ण होईपर्यंत कंडोमशिवाय संबंध ठेवू नका, यात तडजोड नाही. आजार निघाला, तर सांगावेच लागेल, कारण तिलाही तपासणी आणि उपचारांचा हक्क आहे. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने तुमची माहिती गुप्त राखण्याचे बंधन आमच्यावर घातले आहे. पण जोडीदाराला खरा धोका असेल आणि समुपदेशनानंतरही रुग्ण सांगणार नसेल, तर रुग्णाला आधी कळवून जोडीदाराला सावध करण्याची मुभाही डॉक्टरला दिली आहे. त्यापेक्षा तुम्ही स्वतः, हवे तर आमच्यासमोर बसून सांगितलेले बरे. आज एचआयव्ही नियमित औषधाने ताब्यात राहतो, परमा आणि गरमी पूर्ण बऱ्या होतात.

शेवटी दोन शब्द बाकीच्यांसाठी. माझ्या डॉक्टर मित्रांनो, "गेल्या तीन महिन्यांत कुठे प्रवास?" हा प्रश्न प्रत्येकाला विचारा, सोबत नातेवाईक असतील, तर त्यांना बाहेर बसवून विचारा आणि उत्तर ऐकताना चेहरा सरळ ठेवा. आणि वाचकहो, पुढच्या वेळी कोणी म्हणाले "बँकॉकला चाललोय, एकटाच," तर हसू नका. "विमा काढलास का? डॉक्टरांना भेटलास का?" असे विचारा.