मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा

बंधूंनो, सटाण्याच्या बाजारात कांदा विकून घरी निघालेल्या शेतकऱ्यास शहाणे लोक उपदेश करितात की, चहा सोड, विडी सोड, म्हणजे पैसा साठेल. सोडा, आमची ना नाही. पण तेवढ्याने काय साठणार? लेकीच्या लग्नात मांडव, डीजेचा कलकलाट, आहेर, मानपान आणि वर दक्षिणा, यांत वर्षाचा कांदा एका दिवसात गडप होतो; मागे उरते कर्ज! सत्यशोधक समाजाने २५ डिसेंबर १८७३ रोजी पुरोहितावाचून, थोडक्या खर्चात लग्न लावून दाखविले. त्यास दीडशे वर्षे लोटली. तरी आम्ही म्हणतो, 'लोक काय म्हणतील?' अहो, हे लोक पंगत उठली की हात धुऊन चालते होतात. हप्ता भरावयास त्यांतला कोण येतो?