विंडोज सोपं, पण कुणाला?

पिंपळगाव राजात संगणक अडला की बहुधा खामगावची वाट धरतो. दुकानदार ‘फॉरमॅट मारून विंडोज टाकून’ देतो, संध्याकाळी मशीन घरी. एवढ्या अनुभवावर लोक ठासून सांगतात की विंडोज टाकायला सोपं, लिनक्स म्हणजे इंजिनिअरांचं काम.

मुळात या मंडळींनी विंडोज कधी टाकलेलंच नसतं. नव्या लॅपटॉपात ते कंपनीतूनच बसून येतं, पुढचं दुकानदार बघतो. पंगतीत बसून आचाऱ्याच्या कामाला सोपं म्हणण्यातला हा प्रकार.

एकदा स्वतः टाकून बघा. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षा-चिप लागते, इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. जुनं मशीन दारातच अडतं. आत शिरलंच तर होम आवृत्ती इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्टचं खातं मागते. वायफायचा ड्रायव्हर नसेल तर ‘नेक्स्ट’चं बटण राखाडीच राहतं. नेटशिवाय पुढं जाता येत नाही, आणि ड्रायव्हर तर नेटवर! उलट उबुंटू किंवा मिंट यांसारखं लिनक्स पेनड्राइव्हवरूनच चालू होतं. हार्डडिस्कला हात न लावता वायफाय, आवाज, टचपॅड तपासून घ्या, पटलं तरच टाका. पुढं भाषा, कीबोर्ड, नाव, पासवर्ड. फार काही विचारत नाही.

‘पण डिस्क पुसली गेली तर?’ भीती रास्त आहे. ‘इरेज डिस्क’वर बोट पडलं की लग्नाचे फोटोही जातात. मात्र पार्टिशनची पायरी विंडोज टाकतानाही असते. म्हणून तर आपण दुकानदाराला ‘डी ड्राइव्हला हात लावू नका’ म्हणून बजावतो. लिनक्सबद्दलची दहशत नव्वदच्या दशकातली. त्यानंतर लिनक्स सामान्यांच्या दारात आलं; उबुंटूनं तर 2011 पर्यंत मागेल त्याला फुकट सीडी घरपोच पाठवल्या.

खरा आक्षेप वेगळाच आहे. श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरवर लग्नपत्रिका जुळवणारा छापखानेवाला, किंवा ठसे घेण्याचं यंत्र विंडोजच्याच ड्रायव्हरवर चालवणारा सेवाकेंद्रवाला यांनी विंडोज सोडू नये. पण ही अडचण वापरण्याची, टाकण्याची नव्हे. तिच्या आडून शाळेच्या आणि घरच्या संगणकांवरही लिनक्स नको म्हणणं ही पळवाट झाली.

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नेहमीचा आधार संपला. विंडोज 11 न पेलणारी मशीनं भंगारात घालायची का? केरळच्या सरकारी शाळांत मुलं वर्षानुवर्षं लिनक्सवरच शिकताहेत. मराठी युनिकोड, इनस्क्रिप्ट कळफलक, लिब्रेऑफिस, ब्राउझर एवढ्यावर आपल्या शाळेचंही बहुतेक काम भागतं.

राहता राहिला प्रश्न तीन महिन्यांनी प्रिंटर रुसला तर विचारायचं कुणाला, हा. लिनक्सवाला माणूस जवळपास नाही, हे कबूल. पण 2001 पासून एमएस-सीआयटी या संगणक-साक्षरता अभ्यासक्रमानं खेडोपाडी माऊस धरायला शिकवला. गावातल्या दोन हुशार पोरांना पेनड्राइव्ह बूट करायला शिकवणं त्याहून काय जड आहे?