टॉमची श्रद्धा आणि समतेची वेस

हॅरिएट बीचर स्टो यांच्या ‘अंकल टॉम्स केबिन’ (१८५२) या कादंबरीविषयी एक निवाडा आता जवळजवळ रूढ झाला आहे : टॉमची ख्रिस्तश्रद्धा ही शरणागतीच होय. टॉमचे माणूसपण कादंबरीनेच हिरावून घेतले, हा जेम्स बाल्डविन यांचा १९४९ मधील आक्षेप या निवाड्यामागे उभा केला जातो. आक्षेपात तथ्य आहे. परंतु त्यावरून काढला जाणारा ‘श्रद्धा म्हणजे दास्य’ हा निष्कर्ष संहितेच्या कसोटीवर टिकत नाही.

लेग्रीच्या मळ्यावर एका दुर्बळ स्त्रीला फटके मारण्याचा हुकूम होताच टॉम साफ नकार देतो. पुढे कॅसी आणि एमेलीन यांचा ठावठिकाणा सांगण्याऐवजी तो मरण पत्करतो. देह विकत घेता येतो, आत्मा नव्हे, ही त्याची भूमिका मालकीहक्काच्या मुळावरच घाव घालते. याला शरणागती म्हणावयाचे, तर अवज्ञा कशाला म्हणावयाचे? त्याच बायबलच्या आधारे गुलामगिरीचे समर्थन करणारा धर्मोपदेशकही याच कादंबरीत भेटतो. श्रद्धा येथे एकसंध नाही. तिच्या अर्थासाठीच झगडा चालू आहे.

कादंबरीचा खरा दोष अन्यत्र आहे. उत्तरेतील मिस ऑफेलिया गुलामगिरीचा निषेध करते, पण टॉप्सीचा स्पर्श तिला सोसवत नाही. ही विसंगती स्टो अचूक हेरतात. ईव्हाच्या मृत्यूनंतर ऑफेलियाचे मनही पालटते. अस्पृश्यता जाणणाऱ्या मराठी वाचकाला या प्रसंगाचे मोल वेगळे सांगावयास नको. मात्र शेवटी जॉर्ज हॅरिस सहकुटुंब लायबेरियाची वाट धरतो, टॉप्सी धर्मप्रसारक म्हणून आफ्रिकेत जाते. शेल्बीच्या मळ्यावर मुक्त झालेले गुलाम तेथेच राहतात, ते जुन्या मालकाचे मजूर म्हणून. ईश्वरापुढे समान ठरलेल्यांना अमेरिकेत समान नागरिक म्हणून जागा देणे कादंबरीला सुचत नाही.

जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील दास्यविमोचकांना अर्पण केली. निर्मिकाने सर्वांना समान निर्मिले, या त्यांच्या श्रद्धेतून निघणारे हक्क याच भूमीवरचे होते : शाळेतले, पाणवठ्यावरचे. या तुलनेत स्टो यांची मर्यादा उघड होते. टॉमची श्रद्धा दुबळी नव्हती. लेखिकेने तिला नागरी जीवनाच्या वेशीवरच थांबविले. दोषारोप करावयाचा तर तो या थांबविण्यावर करावा, टॉमवर नव्हे.