केसाहून बारीक वाहिन्या

आमच्या परिचयाचे एक शेतकरी गृहस्थ आहेत. वय साठीच्या घरातील, शेतीवाडी बेताची, स्वभाव कष्टाळू. मधुमेह त्यांच्या मागे लागल्यास अकरा वर्षे झाली होती. गोळ्या ते आठवणीने घेत. पाहुण्यांच्या घरचा गोड चहा मात्र त्यांच्याने सुटत नसे. डोळे तपासून घ्या, असे आम्ही त्यांस दोनतीनदा सुचविले. उत्तर दर वेळी एकच. "फादर, चष्मा लावला की सगळा पेपर वाचतो मी. डोळ्यांना काय झालंय?" आम्हीही पुढे आग्रह धरला नाही. त्याची रुखरुख आम्हांस आजही आहे.

गेल्या हिवाळ्यात ते हैदराबादेस आपल्या लेकीकडे गेले. तेथे एके सकाळी उठल्यावर उजव्या डोळ्यापुढे काळी जाळी धरल्यासारखे त्यांस वाटले. संध्याकाळपर्यंत त्या डोळ्यास केवळ उजेड तेवढा कळू लागला. लेकजावयांनी त्यांस नेत्ररुग्णालयात नेले. डॉक्टरांनी थेंब घालून डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या केल्या, आत पाहिले आणि सांगितले की, उजव्या डोळ्यात रक्तस्राव झाला आहे व डावाही त्याच वाटेवर आहे. डाव्यावर लेझरचा उपचार झाला आणि तो वाचला. उजव्याची दृष्टी मात्र पूर्ववत झाली नाही. परत आल्यावर ते आम्हांस म्हणाले, "फादर, दुखलं असतं तर मी आधीच गेलो असतो."

दुखत नाही, हेच या विकाराचे कपट होय. म्हणून आज आपण शरीरातील सर्वांत बारीक रक्तवाहिन्यांची हकीकत पाहू.

बागेला पाणी देणाऱ्यास ही गोष्ट समजावयास कठीण नाही. विहिरीचे पाणी पाटाने येते, पाटातून चारीत शिरते आणि शेवटी केळीच्या आळ्यात उतरते. पाट कितीही भरून वाहो, रोप जगते ते आळ्यातील पाण्यावर. शरीराचेही तसेच आहे. हृदयातून निघालेल्या मोठ्या रोहिण्या हे केवळ पाट होत. मांसास, मेंदूस, डोळ्यास प्राणवायू व अन्नरस प्रत्यक्ष मिळतो तो केशवाहिन्यांतून. त्यांस केशवाहिन्या म्हणतात खरे, परंतु त्या केसाच्या सुमारे दहाव्या हिश्शाइतक्याच रुंद असतात. रक्तातील तांबड्या पेशींना त्यांतून एकामागून एक, अंग चोरून जावे लागते. त्यांची भिंत अवघ्या एका पेशीच्या जाडीची असते. म्हणूनच प्राणवायू तीतून पलीकडे सहज जातो.

इंग्लंडच्या विल्यम हार्वे यांनी १६२८ साली रक्त शरीरात फेरी घालते हे सिद्ध केले. परंतु ते रोहिणीतून नीलेत कोणत्या वाटेने जाते, हे त्यांस दिसू शकले नाही. ती वाट १६६१ साली इटलीच्या मार्चेल्लो माल्पिघी यांनी सूक्ष्मदर्शकाखाली बेडकाच्या फुप्फुसात पाहिली. पुढे डेन्मार्कच्या ऑगस्ट क्रोग यांनी दाखविले की, स्नायू विसावलेले असता त्यांतील पुष्कळ केशवाहिन्या मिटलेल्या असतात व श्रम सुरू होताच त्या उघडतात. या शोधासाठी त्यांस १९२० चे नोबेल पारितोषिक मिळाले. शेतकरी भल्या पहाटे कुदळ उचलतो, तेव्हा त्याच्या दंडातील अशा असंख्य वाटा उघडत असतात.

हैदराबाद शहराचा या विषयाशी संबंध जुना आहे. जवळच्या सिकंदराबादेस, बेगमपेठेच्या भागात, २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस या लष्करी डॉक्टरांना डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू वाढत असलेले आढळले. हिवताप डासांमुळे पसरतो, या सिद्धान्ताचा पाया त्या दिवशी घातला गेला. आज आपणांस हेही ठाऊक आहे की, हिवतापाच्या सर्वांत घातक प्रकारात जंतूंनी ग्रासलेल्या रक्तपेशी बारीक वाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसतात. मेंदूतील वाहिन्या अशा तुंबल्या की रोगी बेशुद्ध होतो. डास चावला हाताला आणि घात झाला मेंदूतील केशवाहिन्यांत, असा तो प्रकार आहे.

आता मधुमेहाकडे वळू. रक्तातील साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की या नाजूक भिंतींना आधार देणाऱ्या पेशी मरू लागतात. भिंत जागोजागी फुगते, तीतून पाणी व रक्त पाझरते, काही वाहिन्या बंद पडतात. डोळ्याच्या मागील बाजूस प्रकाश टिपणारा जो पातळ पडदा आहे, त्यास दृष्टिपटल म्हणतात. त्याचा पुरवठा तुटला की ते उपाशी पडते व नव्या वाहिन्यांसाठी जणू हाक घालते. नव्या वाहिन्या येतातही. पण त्या भलत्या जागी व कच्च्या येतात, आणि एके दिवशी फुटतात. आमच्या शेतकरी मित्राच्या उजव्या डोळ्यात हेच घडले. दृष्टिपटलाच्या मध्यभागी सूज आली नाही, तर फुटेपर्यंत माणसास स्वच्छ दिसत असते. वर्तमानपत्र वाचता येते, हा डोळे निरोगी असल्याचा पुरावा नव्हे.

तोच घात मूत्रपिंडात होतो. प्रत्येक मूत्रपिंडात केशवाहिन्यांचे सुमारे दहा लाख लहान गुच्छ रक्त गाळीत असतात. पायांच्या मज्जातंतूंना पोसणाऱ्या वाहिन्याही यातून सुटत नाहीत. म्हणून मधुमेही माणसाच्या तळव्यात काटा रुतला तरी त्यास कळत नाही. मात्र या वाहिन्या जिवंत माणसात कापाकाप न करता स्पष्ट पाहावयाच्या, तर त्यास सोयीची जागा म्हणजे डोळ्याचे दृष्टिपटल. जर्मनीच्या हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ साली डोळ्यात पाहण्याचे उपकरण तयार केले, तेव्हापासून ही खिडकी वैद्यांस उघडी झाली.

या खिडकीतून खेड्यातील गरिबांकडे पाहण्याचे मोठे कार्य हैदराबादेतच झाले आहे. अमेरिकेत नाव मिळविलेले नेत्रतज्ज्ञ डॉ. गुल्लापल्ली नागेश्वर राव मायदेशी परतले आणि १९८७ साली त्यांनी एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था सुरू केली. चित्रपट दिग्दर्शक एल. व्ही. प्रसाद यांनी तीस पाच एकर जमीन व एक कोटी रुपये दिले. १९९६ ते २००० या काळात या संस्थेच्या संशोधकांनी हैदराबाद शहर व आंध्रातील तीन जिल्हे येथील दहा हजारांहून अधिक माणसांचे डोळे तपासले. त्यांपैकी हैदराबाद शहरात, आपणांस मधुमेह आहे असे सांगणाऱ्या दर पाच जणांपैकी सुमारे एकाच्या दृष्टिपटलात बिघाड आढळला.

आपल्या मराठी सीमेपासूनही हे कार्य दूर राहिलेले नाही. नांदेडला लागून असलेल्या मुधोळ या गावी (पूर्वी आदिलाबाद जिल्हा, आता निर्मल) या संस्थेचे ग्रामीण नेत्रकेंद्र १९९६ पासून चालू आहे. त्या मुलुखात मराठी घरोघरी कानी पडते. ऐपत नसलेल्यांस मोफत उपचार द्यावयाचे व गावाजवळ प्राथमिक तपासणीची सोय करावयाची, हे संस्थेचे धोरण आहे.

मातापित्यांनी ध्यानात ठेवण्याजोगी आणखी एक गोष्ट आहे. मुदतीपूर्वी जन्मलेल्या बालकाच्या दृष्टिपटलातील वाहिन्या अर्ध्या वाटेवरच असतात. पूर्ण नऊ महिने भरता भरता त्या कडेपर्यंत पोहोचावयाच्या असतात. अशा बाळाच्या डोळ्यांतही वाहिन्या वेड्यावाकड्या वाढून दृष्टिपटल ओढले जाण्याची भीती असते. हैदराबाद व सिकंदराबाद या जोडशहरांत अशा बालकांची पद्धतशीर तपासणी डॉ. सुभद्रा जलाली व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केली. आज आपल्या देशात नियम असा की, चौतीस आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या किंवा दोन किलोहून कमी वजनाच्या बाळाचे डोळे जन्मानंतर तीस दिवसांच्या आत तपासलेच पाहिजेत. फारच लहान बाळाचे त्याहूनही आधी. बाळंतिणीस सव्वा महिना घराबाहेर न काढण्याची रीत कित्येक घरांत अद्याप आहे. आयाबायांची माया आम्ही जाणतो. परंतु अशा बाळाच्या बाबतीत ती रीत पाळत बसल्यास त्याची आयुष्यभराची दृष्टी जाऊ शकते.

उपाय आहेत, आणि ते पारखून घेतलेले आहेत. लेझरच्या उपचाराने गंभीर अंधत्वाचा धोका निम्म्याहून अधिक कमी होतो, हे अमेरिकेतील मोठ्या चाचणीने १९७६ साली दाखविले. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या चाचणीत १,४४१ मधुमेही रुग्णांवर अभ्यास झाला. ज्यांच्या डोळ्यांत आरंभी विकार नव्हता, त्यांनी साखर काटेकोरपणे आटोक्यात ठेवली तेव्हा तो उद्भवण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला. १९९८ साली इंग्लंडातील संशोधनाने सिद्ध केले की, मधुमेह्याचा रक्तदाब ताब्यात ठेवल्यानेही या बारीक वाहिन्या वाचतात. हल्ली नव्या कच्च्या वाहिन्यांची वाढ रोखणारी इंजेक्शनेही डोळ्यात दिली जातात. हे सारे उपचार दृष्टी राखण्यासाठी आहेत. एकदा गेलेली दृष्टी आणून देण्याची त्यांची हमी नाही.

आपल्या देशात दहा कोटींहून अधिक लोकांस मधुमेह आहे, असा अंदाज भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आहे. हा रोग आता केवळ शहरातील सुखवस्तूंचा राहिलेला नाही. तेव्हा कुटुंबप्रमुखांस आमचे सांगणे असे आहे. घरात कोणास मधुमेह असेल, तर वर्षातून एकदा थेंब घालून त्यांचे डोळे तपासून घ्यावेत. काही दिसावयाचे बंद होण्याची वाट पाहू नये. थेंबांमुळे काही तास जवळचे अंधुक दिसते, म्हणून सोबत कोणीतरी जावे. लघवीतून प्रथिन जाते काय, हेही वर्षास एकदा पाहावे. रात्री निजण्यापूर्वी तळवे उजेडात न्याहाळावेत. वृद्धांस वाकवत नसेल, तर सुनेने अगर नातवाने ते काम करावे. रक्तदाब मोजून घ्यावा. तंबाखू व विडी सोडावी. मधुमेह असलेल्या स्त्रीस दिवस राहिले, तर डोळ्यांची तपासणी पहिल्या महिन्यांतच करावी, कारण त्या काळात हा विकार झपाट्याने वाढू शकतो.

आमचे ते मित्र आता एका डोळ्याने शेत पाहतात. विळा चालविताना अंतर नीट उमगत नाही, म्हणून कापणीस गडी लावावा लागतो. मात्र एक नवे काम त्यांनी आपणहून अंगावर घेतले आहे. दर रविवारी मंदिराबाहेर ते ओळखीच्या मधुमेह्यांस गाठतात आणि विचारतात, "डोळे दाखवलेस काय?" समोरचा म्हणतो, "मला नीट दिसतं." मग ते आपला चष्मा काढतात, डाव्या डोळ्यावर हात ठेवतात आणि म्हणतात, "मलाही दिसत होतं." त्यांच्या या विचारण्याने आजवर गावातील चार माणसे तालुक्यास जाऊन डोळे तपासून आली. त्यांतील एकास लेझरची गरज निघाली. ती वेळेवर निघाली.

पुढील रविवारी ते आपणांसही विचारतील. तोवर, वाचकहो, घरातील मधुमेह्यांची नावे एका कागदावर लिहा आणि प्रत्येकाचे डोळे शेवटचे कधी तपासले, ते त्यापुढे मांडा. ज्या नावापुढे काही लिहिता येणार नाही, त्याच्यासोबत याच आठवड्यात निघा.