जिन्याचा हिशेब जोत्याच्या आधी



उसाचे बिल हाती आले की गावोगावी सेंट्रिंगच्या फळ्या उभ्या राहतात. कौलारू घर उतरवून स्लॅबचे घर बांधणे किंवा आहे त्या घरावर मजला चढवणे हे प्रगतीचे लक्षण आहे व आम्हांला त्याचा आनंदच आहे. शेतकी खात्याच्या कामानिमित्त सभासदांच्या घरी आमचे जाणे-येणे असते. नव्या घरात देवघराची दिशा ठरलेली असते, ओटा ठरलेला असतो, ट्रॅक्टर कुठे लावायचा हेही ठरलेले असते. जिना मात्र उरलेल्या जागेत कोंबलेला दिसतो. "त्याचं काय, बसंल कुठंबी" असे म्हणून गवंड्यावर सोपवलेला जिना पुढे पन्नास वर्षे घरच्या माणसांच्या गुडघ्यांवर बसतो. म्हणून आमचे स्पष्ट मत आहे, की घरातील सरळ जिन्याचे माप जोते भरण्याआधी कागदावर ठरले पाहिजे.

सरीचे अंतर आपण लागवडीआधी ठरवतो. कांडी उगवून आली की सरी हलवता येत नाही. जिन्याचे तसेच आहे. पण चुकलेली लागण दोन-तीन वर्षांत मोडता तरी येते. स्लॅबला ठेवलेले भोक लहान पडले तर ते वाढवणे म्हणजे सळई कापणे आणि घराला धोका ओढवून घेणे.

हिशेब अवघड नाही. पायरीला दोन मापे असतात. एक चढण्याची उंची, दुसरे पाय टेकण्याची रुंदी. उंचीची दुप्पट अधिक रुंदी मिळून साधारण २४ इंच भरले, की जिना माणसाच्या पावलाला जुळतो. फ्रान्समधील ब्लोंदेल नावाच्या वास्तुशास्त्रज्ञाने सतराव्या शतकात सांगितलेला हा नियम आजही चालतो. आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेतही राहत्या घरासाठी पायरीची उंची जास्तीत जास्त १९ सेंटिमीटर, म्हणजे साडेसात इंच आणि रुंदी कमीत कमी २५ सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ १० इंच सांगितली आहे.

आता प्रत्यक्ष घर घेऊ. खालच्या फरशीपासून छतापर्यंत १० फूट, स्लॅब व वरची फरशी मिळून ६ इंच. चढायची एकूण उंची झाली १२६ इंच. ७ इंचाच्या १८ चढणी बरोबर बसतात. शेवटची चढण वरच्या फरशीवरच नेते, म्हणून पाय टेकायच्या पायऱ्या १७ लागतात. १० इंचाप्रमाणे लांबी १७० इंच, म्हणजे १४ फूट २ इंच. पण एका दमात १८ चढणे म्हाताऱ्या माणसाला जड जाते व वरून पडलेला माणूस थेट तळाशी येतो. म्हणून नववी पायरी ३ फूट लांबीची, विसाव्याची करावी. मग लांबी होते १६ फूट ४ इंच. पायथ्याशी वळायला ३ फूट मोकळी जागा सोडावी, म्हणजे १९ फूट ४ इंच. एवढी जागा नसेल तर सरळ जिन्याचा हट्ट सोडून वळणाचा जिना घ्यावा. पण सरळ जिना दाबून आखूड करू नये.

दाबल्यावर काय होते? ९ इंची १४ चढणी आणि ८ इंची पायऱ्या धरल्या तर तोच जिना ८ फूट ८ इंचांत बसतो. गवंडी म्हणतो, "बघा, बसवला का नाही!" पण हा जिना नव्हे, ही शिडी. चढताना दम लागतो ते एक, खरा घात उतरताना होतो. ८ इंचाच्या पायरीवर मोठ्या माणसाचे पूर्ण पाऊल मावत नाही, बोटे बाहेर लोंबतात. हातात वाळवणाचे सूप किंवा ओल्या कपड्यांची बादली असेल तर पुढची पायरी दिसतही नाही.

दुसरी गोष्ट डोक्यावरच्या उंचीची. प्रत्येक पायरीवर डोक्यावर सव्वासात फूट मोकळी उंची हवी. वरच्या मापात चौथ्या पायरीपर्यंत छत चालते, पाचव्या पायरीपासून स्लॅब उघडा पाहिजे. म्हणजे भोक १३ फूट लांब ठेवावे लागते. सात-आठ फुटांवर भागवले की पाहुण्याचे कपाळ आणि पोत्याचा कोपरा दोन्ही स्लॅबला लागतात.

तिसरी गोष्ट, सगळ्या पायऱ्या सारख्या. खाली-वर फरशीचा थर २ इंच आणि पायऱ्यांवर १ इंच टाकला, तर पहिली चढण ६ इंचाची आणि शेवटची ८ इंचाची होते. पायाला मधल्या पायऱ्यांची सवय लागते आणि नेमका तिथेच तो ठेचाळतो. म्हणून मापे नेहमी तयार फरशीपासून धरावीत. रुंदी साडेतीन फूट ठेवावी, म्हणजे कपाट वर जाते आणि आजारी माणसाला खुर्चीत बसवून खाली आणता येते. एका बाजूला तरी हाताला धरायला कठडा पाहिजेच.

काही मंडळी पायऱ्या विषमच पाहिजेत म्हणतात. त्याला आमची हरकत नाही. १७ चढणी करा, प्रत्येकी सुमारे ७.४ इंचाची येते. श्रद्धाही राहते आणि मापही मोडत नाही.

"जिन्यात एवढी जागा घालवायची?" हा प्रश्न रास्त आहे. चांगल्या जिन्याला सुमारे ५७ चौरस फूट लागतात, अडीच फुटी दाबलेल्या जिन्याला २२. फरक ३५ चौरस फुटांचा, म्हणजे एका खाटेची आणि कपाटाची जागा. पण जिन्याखालची जागा वाया कुठे जाते? ठिबकच्या नळ्या, खुरपी, पाट्या तिथे राहतात. (फवारणीची औषधे मात्र घरात ठेवू नयेत.) उलट आखूड जिना झाला की आई-वडील वर जायचे सोडतात, आणि कर्ज काढून बांधलेला मजला घरातल्या निम्म्या माणसांना बंद होतो. ती जागा ३५ चौरस फुटांहून कितीतरी जास्त आहे.

तेव्हा या हंगामात ज्यांचा बांधकामाचा विचार असेल, त्यांनी आधी टेप घ्यावा, अंगणात चुन्याने जिन्याची लांबी-रुंदी आखावी आणि घरातील सर्वांत वयस्कर माणसाला विचारून मगच पाया खणावा. इंजिनिअरच्या नकाशावर पायरीची दोन्ही मापे लिहून घ्यावीत. ऊस आपण मोजून लावतो, घरही मोजूनच बांधू या.

– ऊस विकास अधिकारी