नदीला उतार नाही

पावसाळी भटकंतीवरचे मराठी लेखन वाचताना एक गोष्ट सतत खटकते. त्यातला ओढा नेहमी खळाळता, धबधबा फेसाळता आणि पाऊस बेभान असतो. ओढा ओलांडता येईल का, हा साधा प्रश्न या विशेषणांच्या गर्दीत कोणी विचारतच नाही. पुढे कोणी वाहून गेले, की 'निसर्गाचा कोप' असे लिहून आपण मोकळे होतो.

कोप कसला? सह्याद्रीचे कडे उभे, कातळ उघडा, मातीचा थर पातळ. पठारावरचे पाणी मुरण्याआधीच घळीत उतरते. खाली उघडीप असतानाही वर नजरेआड कोसळलेल्या सरीने ओढा फुगतो. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो. म्हणूनच गुडघाभर पाणीदेखील धडधाकट माणसाला पाडते. 30 जून 2024 रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. ते काही कड्यावर चढाई करीत नव्हते.

यावर पन्हाळा-विशाळगडाचा दाखला हमखास फेकला जातो. पण 1660 च्या जुलैत ती वाट भर पावसात तुडवली गेली ती वेढ्यातून सुटण्यासाठी, हौसेसाठी नव्हे. एरवी त्या काळातल्या फौजा पावसाळ्यात छावणीला राहत आणि मोहिमेवर निघत त्या दसऱ्याला सीमोल्लंघन करून. नाइलाजाने पत्करलेल्या संकटाला परंपरा म्हणणे हा त्या बलिदानाचाही अवमान आहे.

आपली खरी परंपरा भाषेत सापडते. 'नदीला उतार नाही' असे जुने मराठी माणूस म्हणे. उतार म्हणजे पायी ओलांडता येण्याजोगी जागा. या वाक्यात भीती नाही, शौर्यही नाही. पाण्याकडे नीट पाहून केलेला निर्णय आहे. वर्गात प्रवासवर्णन शिकवताना आपण निसर्गवर्णनातील सौंदर्यस्थळांवर प्रश्न काढतो. वर्णन करणाऱ्याला पाणी वाचता आले का, हे मात्र कधीच विचारत नाही. मग विद्यार्थी विशेषणे शिकतात आणि उतार विसरतात.

सह्याद्रीतला लहान ओढा पाऊस थांबल्यावर बहुधा काही तासांत ओसरतो. काठावर बसून काढलेल्या त्या तासांविषयी, किंवा अर्ध्या वाटेवरून परतण्याविषयी, आपल्याकडे फारसे कोणी लिहीत नाही. शिखर न गाठलेल्या माणसाचे लेखन छापण्याजोगे आहे, असे संपादकांना आणि आपल्यासारख्या शिक्षकांना वाटू लागेल तेव्हाच 'बेभान' या शब्दाची किंमत आपल्याला कळेल.