प्राणशक्तीचा जमाखर्च

सात समुद्रांपलीकडे एक झाड, झाडावर पिंजरा, पिंजऱ्यात पोपट आणि पोपटात राक्षसाचा प्राण. राजपुत्राने पोपटाची मान मुरगळली, की तिकडे राक्षस कोसळलाच! ही गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली असते. महाभारतातील शुक्राचार्य संजीवनी विद्येने मेलेल्या दैत्यांना उठवतात आणि ती विद्या मिळवण्यासाठी कच त्यांच्याकडे शिष्य होऊन राहतो. दोन्ही गोष्टींच्या मुळाशी एकच कल्पना आहे. प्राण ही शरीराहून वेगळी अशी वस्तू किंवा शक्ती असून ती काढता येते, दुसरीकडे ठेवता येते आणि पुन्हा घालता येते, ही ती कल्पना. आजच्या विज्ञानकथांत आणि चित्रपटांतही ती नवा वेष धारण करून वावरते.

विद्यार्थी मित्रांनो, माझे मत आरंभीच सांगतो. गोष्टीत ही प्राणशक्ती जरूर असावी. परंतु ती गोष्टीतून उठून बाजारात आली, की तिच्याकडे जमाखर्चाची वही मागावी. ही वही कोणती, ते आता पाहू.

इटलीतील बोलोन्या येथील लुइजी गॅल्व्हानी यांनी १७९१ साली बेडकांवरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. मेलेल्या बेडकाच्या पायाला जोडलेल्या दोन धातूंचा स्पर्श केला, की पाय झटका देत असे. प्राण्याच्या शरीरात एक खास वीज असते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. अलेस्सांद्रो व्होल्टा यांना तो पटला नाही. जस्ताच्या आणि चांदीच्या चकत्या, मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेले पुठ्ठे, अशी उतरंड रचून त्यांनी १८०० साली बेडकावाचूनच वीज मिळवून दाखवली. तरीही 'जीव म्हणजे वीज' हे समीकरण लोकांच्या मनातून गेले नाही. जानेवारी १८०३ मध्ये गॅल्व्हानींचे भाचे जोव्हानी आल्दीनी यांनी लंडनमध्ये, फाशी दिलेल्या एका कैद्याच्या प्रेतातून वीज सोडली. जबडा थरथरला, एक डोळा उघडला, मूठ वळली. मेलेला माणूस उठून बसतो की काय, असे काही बघ्यांना वाटले!

अशा काळात मेरी शेली या १८ वर्षांच्या मुलीने १८१६ साली एक कथा लिहावयास घेतली. तीच १८१८ मध्ये प्रसिद्ध झालेली 'फ्रँकेन्स्टाइन' ही कादंबरी. तिच्यातील तरुण विद्यार्थी प्रेतांचे अवयव जोडून एक देह घडवतो आणि त्यात जीव ओततो. कसा ओततो, हे मात्र लेखिका स्पष्ट सांगत नाही. कडाडणारी वीज आणि ठिणग्या उडवणारी यंत्रे आपल्या डोळ्यांसमोर येतात ती १९३१ च्या चित्रपटामुळे. लेखिकेचा प्रश्न निराळाच होता. ज्याला आपण जन्म दिला त्याला वाऱ्यावर सोडून दिले, तर त्याच्या हातून होणाऱ्या अनर्थाला जबाबदार कोण? प्राणशक्ती पुढे खोटी ठरली, पण हा प्रश्न खरा राहिला. म्हणूनच २०० वर्षांनंतरही ती कादंबरी वाचली जाते.

प्राणशक्ती खोटी ठरली ती कशी? १८२८ साली फ्रीडरिख व्होलर यांनी मूत्रपिंडाच्या मदतीवाचून, प्रयोगशाळेत युरिया बनवला. सजीवांतील पदार्थ केवळ प्राणशक्तीच बनवू शकते, या समजुतीला त्यामुळे तडा गेला. पण मोठा घाव घातला तो ऊर्जेच्या हिशेबाने. हेर्मान हेल्महोल्ट्झ हे शिक्षणाने वैद्य. त्यांनी असा विचार केला, की शरीरात अन्नाखेरीज आणखी एखादी शक्ती काम करीत असेल, तर शरीर म्हणजे फुकट चालणारे यंत्र ठरेल. आणि तसे यंत्र तर आजवर कोणालाच बनवता आलेले नाही. १८४७ साली त्यांनी ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम मांडला, त्यामागे हा विचार होता.

पुढे १८९४ मध्ये माक्स रुब्नर यांनी उष्मामापकात कुत्रा ठेवून ताळा घेतला. अन्नातून किती ऊर्जा मिळावयास हवी आणि शरीरातून किती उष्णता बाहेर पडते, यांतील फरक एक टक्क्याहूनही कमी निघाला! नंतर अमेरिकेत ॲटवॉटर आणि बेनेडिक्ट यांनी खोलीएवढ्या उष्मामापकात माणसांना काही दिवस ठेवले. ती माणसे तेथेच जेवली, झोपली, जागच्या जागी सायकल चालवीत राहिली. जमा आणि खर्च पुन्हा जुळले. प्राणशक्तीसाठी वहीत रकानाच उरला नाही.

हा हिशेब तुम्हीही करू शकाल. दिवसाला २,४०० किलोकॅलरी अन्न घेणाऱ्या माणसाला सुमारे १ कोटी जूल ऊर्जा मिळते. दिवसाचे सेकंद ८६,४००. भागाकार करा. उत्तर येईल सुमारे ११६ वॅट. म्हणजे आपण सारे १०० वॅटच्या दिव्याहून थोडे अधिक!

कोणी म्हणेल, प्राणशक्ती फार सूक्ष्म असेल आणि आपली उपकरणे तोकडी पडत असतील. पण जी शक्ती हात हलवते, जखम भरून आणते, ती काम करते. आणि काम झाले की वहीत नोंद व्हावयास हवी. जी काहीच काम करीत नाही, तिला शक्ती तरी का म्हणावे?

मग जिवंत आणि मृत यांत फरक काय? पणती विझते तेव्हा ज्योत उठून कोठे जात नाही. तेल आणि हवा यांच्यात चाललेली क्रिया थांबते, इतकेच. जीव हाही असंख्य क्रियांचा चालू असलेला मेळ आहे. तो मुळात कसा जमला, याचा पूर्ण उलगडा झालेला नाही. २०१० साली क्रेग व्हेंटर यांच्या गटाने रसायनांपासून घडवलेला एका जीवाणूचा संपूर्ण जनुकसंच दुसऱ्या जीवाणूच्या पेशीत घातला आणि ती पेशी वाढू लागली. पेशी मात्र आयती, निसर्गाने घडवलेली होती. निव्वळ निर्जीव रसायनांतून जिवंत पेशी अद्याप कोणी घडवलेली नाही. हे कोडे खरोखर मोठे आहे. त्याला 'प्राणशक्ती' असे नाव दिल्याने ते सुटत नाही, नुसते झाकले जाते.

तर मग अद्भुतकथा वाचू नयेत काय? अवश्य वाचाव्यात, आणि हातात पेन्सिल घेऊन वाचाव्यात. १९७७ साली सुरू झालेल्या 'स्टार वॉर्स' चित्रपटमालेत 'फोर्स' नावाची शक्ती आहे. ती सर्व सजीवांतून निर्माण होते. १९८० च्या चित्रपटात योदा नावाचा चिमुकला गुरू दलदलीत बुडालेले यान नुसत्या मनाने वर उचलतो. समजा, यान १० टनांचे आहे आणि ते १० मीटर उचलायचे आहे. १०,००० × ९.८ × १० म्हणजे ९,८०,००० जूल, अर्थात सुमारे २३४ किलोकॅलरी. ज्वारीच्या एका भाकरीत एवढी ऊर्जा असते! तेव्हा ऊर्जा फार लागेल, हा आक्षेप टिकत नाही. प्रश्न असा, की गुरूच्या पोटातील भाकरी यानापर्यंत पोहोचली कोणत्या वाटेने? शिक्षकांनी हा प्रश्न वर्गात जरूर विचारून पाहावा.

मात्र गोष्टीतले शब्द गोष्टीतच राहत नाहीत. एडवर्ड बुल्वर-लिटन यांच्या १८७१ च्या एका कादंबरीत भूगर्भात राहणारे लोक 'व्रिल' नावाच्या शक्तीने रोग बरे करतात आणि शत्रूला भस्मही करतात. १८८० च्या दशकात इंग्लंडमधील दुकानांत 'बोव्हरिल' नावाचा गोमांसाचा अर्क आला. त्याच्या नावातील शेवटचा भाग या 'व्रिल'वरूनच घेतलेला. आजही कोणी ऊर्जा देणारे कडे विकतो, तर कोणी वैश्विक ऊर्जेने दूर बसून आजार बरा करू म्हणतो. शब्द भौतिकशास्त्राचा, पण जूल किती, ते कोणी सांगत नाही. अशा बोलण्यावर विसंबून मधुमेहाच्या रुग्णाने इन्शुलिन बंद केले, तर जाणारा प्राण गोष्टीतला नसतो.

म्हणून तीन प्रश्न सदैव जवळ बाळगा. ही शक्ती येते कोठून? ती वापरली की काय कमी होते? आणि ती मोजायची कशाने? कथालेखकाने उत्तरे दिली नाहीत, तरी त्याला माफ करावे. पोपटात राक्षसाचा प्राण मावला कसा, असे आजीला कोणी विचारत नाही. जो पैसे मागतो त्याला मात्र उत्तरे घेतल्यावाचून सोडू नये.